माळ्यावरचे प्रोसेसर

यंत्र म्हातारे होते ते झिजून, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. शिवणयंत्राचे चाक कुरकुरू लागते, मोटारीचे इंजिन तेल पिऊ लागते, भिंतीवरचे घड्याळ मागे पडू लागते. संगणकाच्या प्रोसेसरला हा नियम लागू पडत नाही. त्यात फिरणारा एकही भाग नसतो. पंधरा वर्षांपूर्वी तो ज्या वेगाने बेरीज करीत होता त्याच वेगाने आजही करतो. तरीसुद्धा दिवाळीच्या साफसफाईत एखादा चांगला चालता संगणक माळ्यावर चढतो आणि पुन्हा खाली उतरत नाही. त्याला झाले तरी काय, असे विचारावे तर घरातला शाळकरी मुलगा सांगतो, की त्यावर गेम चालतो, पण गेमचे रेकॉर्डिंग चालत नाही. आजच्या मुलांना नुसते खेळून समाधान नसते. खेळलेला डाव चित्रित करून चार मित्रांना दाखवायचा असतो. ते होत नसेल तर यंत्र निकामी!

मुलाचे हे वाक्य मला फार दिवस छळीत होते. खेळ चालतो आणि त्याचे चित्रण चालत नाही, हे कसे? त्याचा माग काढीत गेलो तेव्हा ध्यानात आले, की संगणकाच्या जगात मागे पडण्याचे दोन अगदी निराळे प्रकार आहेत. एक म्हणजे काम सावकाश होणे. दुसरा म्हणजे कामच न समजणे. पहिल्याला आपण म्हातारपण म्हणू. दुसऱ्याला वाळीत टाकणे म्हणावे लागेल.

ज्यांच्या घरी जुनी दप्तरे आहेत त्यांना ही गोष्ट चटकन उमगेल. आजोबांना फक्त मोडी येत होती असे समजा, आणि नातू मोडीही शिकला, बाळबोधही शिकला. आजोबांचा कागद नातू वाचील. नातवाचे पत्र आजोबांना वाचता येणार नाही. इंटेल कंपनीने १९७८ साली ८०८६ नावाचा प्रोसेसर काढला, आणि तेव्हापासून या घराण्यातल्या प्रत्येक नव्या पिढीने वाडवडिलांचे सगळे शब्द पाठ केले आणि वर आपले काही नवे जोडले. हे शब्द म्हणजे प्रोसेसरला देता येणाऱ्या सूचना. अनोळखी सूचना समोर आली की प्रोसेसर अंदाज बांधीत नाही, कोणाला अर्थ विचारीत नाही. तो तिथल्या तिथे हरकत घेतो आणि विंडोजसारखी यंत्रणा तो कार्यक्रम त्याच क्षणी बंद करते. यंत्र कितीही दणकट असो, एका शब्दापायी सगळे थांबते.

आता खेळांच्या रेकॉर्डिंगकडे वळू. त्याची सुरुवात मोठी काटकसरीची आहे. अमेरिकेतल्या टेक्सास प्रांतातील इड सॉफ्टवेअर या छोट्या मंडळीने १० डिसेंबर १९९३ रोजी 'डूम' हा खेळ प्रसिद्ध केला. त्याला ३८६ जातीचा प्रोसेसर पुरे होई. या खेळात आपला डाव नोंदवून ठेवण्याची सोय होती, पण चित्र नोंदवायचे म्हटले असते तर त्या काळची डिस्क पहिल्या काही मिनिटांतच भरून गेली असती. म्हणून चित्र नोंदवायचेच नाही असे त्यांनी ठरविले. खेळ सेकंदाला ३५ ठोके घेई, आणि प्रत्येक ठोक्याला खेळाडूने काय केले एवढेच ४ बाइटांत टिपले जाई: पुढे किती गेला, बाजूला किती सरकला, किती वळला, कोणते बटण दाबले. हिशेब करून पाहा. एका मिनिटाला ८,४०० बाइट! एखाद्या लांबलचक पत्राएवढी जागा. ती फाइल परत लावली की खेळ स्वतःच स्वतःला पुन्हा खेळून दाखवी. राक्षसांचे वागणे तरी तेच कसे येई? तर खेळातला 'योगायोग' हा २५६ आकड्यांच्या ठरावीक तक्त्यातून क्रमाने उचललेला असे. त्यामुळे त्याच कळा त्याच ठोक्याला दाबल्या की तोच योगायोग पुन्हा घडे.

या युक्तीत एक काटा होता, आणि पुढच्या सगळ्या कथेचे बीज मला त्यात दिसते. नोंद खेळाच्या ज्या आवृत्तीवर केली तीच आवृत्ती ती दाखविताना हवी. नव्या आवृत्तीत एखाद्या राक्षसाची चाल किंचित सुधारली असली, की जुन्या नोंदीतला शूर शिपाई भलत्याच भिंतीला जाऊन धडकायचा आणि रिकाम्या हवेत गोळ्या झाडीत बसायचा. पुढे डूमच्या चाहत्यांनी खेळाच्या सुधारलेल्या आवृत्त्या तयार केल्या तेव्हा त्यांनी जुन्या आवृत्त्यांतल्या चुकासुद्धा मुद्दाम सांभाळून ठेवल्या. अमुक काळची नोंद लावायची असेल तर अमुक काळच्या चुका चालू करा, अशी सोय केली. चुकांची अशी निगुतीने केलेली जपणूक मी इतरत्र फारशी पाहिलेली नाही.

१९९६ साली त्याच मंडळींचा 'क्वेक' आला. त्याला अपूर्णांकांचे गणित प्रोसेसरच्या आतच व्हावयास हवे होते. स्वस्त मिळते म्हणून ४८६ एसएक्स घेतलेल्यांना, ज्यात हे गणिताचे अंग नव्हते, क्वेकने दारातूनच परत पाठविले. हा वाळीत टाकण्याचा प्रकार. सायरिक्स कंपनीचा ६x८६ हा कचेरीच्या कामात पेंटियमला भारी पडे, परंतु अपूर्णांकांत तो मंद असल्यामुळे क्वेकमध्ये धापा टाकी. हे नुसते म्हातारपण, किंवा म्हणा ना, जन्मजात दमा. याच क्वेकच्या नोंदी वापरून 'रेंजर्स' नावाच्या खेळाडूंच्या टोळीने ऑक्टोबर १९९६ मध्ये 'डायरी ऑफ अ कॅम्पर' हा मिनिट-दीड मिनिटाचा छोटा चित्रपटच केला. खेळाच्या आत रचलेल्या चित्रपटांचा इतिहास सांगणारे बहुतेक तिथून सुरुवात करतात.

परंतु ज्याच्याकडे तो खेळ नाही त्याला ही नोंद दाखवावी कशी? खरीखुरी चित्रफीत हवी असेल तर पडद्यावरचे चित्रच पकडावयास हवे. १९९९ मध्ये आलेल्या 'फ्रॅप्स' या कार्यक्रमाने ते काम लोकप्रिय केले. मूळचा तो सेकंदाला किती चित्रे पडतात हे पडद्याच्या कोपऱ्यात दाखविणारा. पुढे ती चित्रे टिपूही लागला. टिपीत असे मात्र अगदी सढळ हाताने. त्याच्या फाइली इतक्या फुगत, की दर चार गिगाबाइटांना तो नवी फाइल सुरू करी. फेब्रुवारी २०१३ नंतर त्याची नवी आवृत्ती निघालेली नाही.

येथे थोडे आकडे मांडतो; वाचकांनी कंटाळू नये. आजच्या साध्या पडद्यावर १,९२० गुणिले १,०८० ठिपके असतात, म्हणजे २०,७३,६००. प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट आणि सेकंदाला ६० चित्रे धरली तर दर सेकंदाला ३७ कोटी ३२ लाख ४८ हजार बाइट होतात. डूमच्या मिनिटाला ८,४०० बाइटांशी याची तुलनाच नको. हा लोंढा जसाच्या तसा साठविणे परवडत नाही. तो पिळून घ्यावा लागतो, आणि तोही खेळ चालू असताना, त्याच प्रोसेसरवर.

पिळावयाचे कसे? आधीच्या चित्रात जे होते तेच नव्या चित्रात थोडे सरकलेले असते, हे ओळखून. २००३ साली प्रमाणित झालेल्या एच.२६४ या पद्धतीत चित्राचे १६ गुणिले १६ ठिपक्यांचे चौकोन पाडतात. आपल्या पडद्यावर ते सेकंदाला ४,८९,६०० होतात. प्रत्येक चौकोन आधीच्या चित्रात कोठे दडला होता हे शोधण्यासाठी २५६ ठिपके एकेक करून ताडून पाहावे लागतात, आणि तेही एकाच जागी नव्हे, आजूबाजूच्या कित्येक जागी. साध्या वजाबाकीने हे काम सरणारे नाही.

येथे प्रोसेसर बनविणारे मदतीस आले. इंटेलने जानेवारी १९९७ मध्ये एमएमएक्स नावाच्या ५७ नव्या सूचना आणल्या. एका सूचनेत आठ बाइटांवर एकदम काम. पेंटियमच्या उभारणीत ज्यांचा मोठा वाटा होता ते पुण्यात जन्मलेले विनोद धाम तोवर इंटेल सोडून गेले होते आणि प्रतिस्पर्धी एएमडीच्या के-६ या प्रोसेसराशी त्यांचे नाव जोडले गेले होते. १९९८ मध्ये एएमडीने के-६-२ बरोबर आपल्या वेगळ्या सूचना काढल्या. १९९९ च्या पेंटियम ३ मध्ये इंटेलने एसएसई आणले, त्यात ७० सूचना. यांतली एक सूचना मला विशेष वाटते. आठ बाइट या चित्रातले, आठ त्या चित्रातले. त्यांच्यातले फरक काढा, उणे-अधिक चिन्हे टाका, आणि सगळ्यांची बेरीज द्या, असे ती एका दमात सांगते. म्हणजे चौकोन ताडून पाहण्याच्या कामासाठीच बेतलेला शब्द! २५६ ठिपक्यांचे काम ३२ सूचनांत आले. पुढच्याच वर्षी, २००० मध्ये, पेंटियम ४ च्या एसएसई-२ ने तीच सूचना सोळा बाइटांची केली आणि काम १६ वर आले. २०१३ च्या एव्हीएक्स-२ ने ते ८ वर आणले. मध्यंतरी २००८ च्या सुमारास रुळलेल्या एसएसई-४.१ मध्ये याच जातीची आणखी एक सूचना आहे, ती एकदम आठ शेजारच्या जागा ताडून पाहते.

म्हणजे पाहा, जुन्या प्रोसेसरांना पुढे ज्या शब्दांनी दार बंद केले त्यांतले कित्येक शब्द मुळात चित्रे आणि चित्रण यांच्याच सोयीसाठी घडविले गेले होते.

नवे शब्द आले म्हणजे लगेच जुन्यांचे वाईट होते असे मात्र नाही. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यापुढे दोन मार्ग असतात. पंगतीत वाढपी जसा विचारतो, 'आपल्याला तिखट चालते ना?' तसे प्रोसेसरला आधी विचारता येते. १९९३ च्या पेंटियमपासून यासाठी एक खास सूचनाच आहे: तुझे नाव काय आणि तुला कायकाय येते, असे विचारले की प्रोसेसर उत्तर देतो. मग ज्याला जे पचते ते त्याला वाढावे. दुसरा मार्ग म्हणजे सर्वांना येतेच असे गृहीत धरून एकच पदार्थ रांधणे, आणि ज्याला चालणार नाही त्याने उठून जावे.

चित्र पिळण्याचे काम करणारा 'एक्स२६४' हा खुला कार्यक्रम पहिल्या मार्गाचा उत्तम नमुना आहे. त्यात एकाच कामाच्या अनेक आवृत्त्या लिहिलेल्या असतात: एमएमएक्सच्या, एसएसई-२ च्या, एव्हीएक्सच्या. सुरू होताच तो प्रोसेसरची विचारपूस करतो आणि जमेल ती आवृत्ती निवडतो. ह्यू बेली यांनी २०१२ मध्ये सुरू केलेल्या ओबीएस या आजच्या सर्वांत परिचित मोफत रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरने प्रोसेसरवरचे चित्रण याच एक्स२६४ वर सोपविले. म्हणून जो म्हातारा आहे तो हळू चालतो, पण चालतो.

विचारण्यातही खोट असू शकते. इंटेलच्याच कंपायलरने, म्हणजे माणसाने लिहिलेला कार्यक्रम प्रोसेसरच्या सूचनांत उतरविणाऱ्या सॉफ्टवेअरने, काय करावे? तयार झालेला कार्यक्रम प्रोसेसरला काय येते यावर न थांबता नाव विचारी. नाव इंटेलचे नसेल तर, येत असलेले शब्दही बाजूला ठेवून, सावकाश आवृत्ती त्याच्या पानात पडे. डेन्मार्कचे आग्नर फॉग यांनी ही गोष्ट तपशिलाने मांडली. नोव्हेंबर २००९ मध्ये इंटेलने एएमडीशी १२५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली, ती या आणि इतर अनेक तक्रारींपोटी. आणि ऑगस्ट २०१० मध्ये अमेरिकी व्यापार आयोगाबरोबरच्या समझोत्यात कंपायलर घेणाऱ्यांना याची स्पष्ट कल्पना देण्याचे बंधन इंटेलवर आले. पानात काय वाढायचे ते कूळ विचारून ठरविणारे पुढारलेल्या यंत्रयुगातही निघाले, हे वाचून मला हसू आले आणि थोडे वाईटही वाटले.

आता दुसऱ्या मार्गाची गोष्ट. ऑगस्ट २०१६ मध्ये इंग्लंडच्या हॅलो गेम्सचा 'नो मॅन्स स्काय' हा बहुचर्चित खेळ संगणकावर आला, आणि एएमडीचा फेनॉम २ बाळगणाऱ्यांना तो सुरूच होईना. २०१० चा सहा गाभ्यांचा, ३.२ गिगाहर्ट्झचा फेनॉम म्हणजे काही लेचापेचा गडी नव्हे. २००८ चा दोन गाभ्यांचा इंटेल त्यापुढे दुबळा, पण त्याला एसएसई-४.१ येत होते, फेनॉमला येत नव्हते. तेवढ्यावरून दुबळा निदान दारातून आत जात होता आणि धट्टाकट्टा बाहेर उभा होता. शोध घेता दोष सापडला तो दुसऱ्या कंपनीकडून घेतलेल्या, वस्तूंच्या हालचालींचे गणित करणाऱ्या भागात. तो भाग एसएसई-४.१ गृहीत धरून तयार झाला होता. तो नव्याने तयार करून दिल्यावर थोड्याच दिवसांत खेळ फेनॉमवर चालू लागला.  म्हणजे हजारो रुपयांचे यंत्र चालते की भंगारात जाते, हे कोणीतरी कोठेतरी कंपायलरची कोणती कळ दाबली यावर ठरते!

हा केवळ वयाचा प्रश्न आहे असेही समजू नये. एव्हीएक्स हे शब्द इंटेलने २०११ च्या जानेवारीत बाजारात आणले. तरीही २०१७ साली विकलेल्या पेंटियम जी ४५६० या स्वस्त प्रोसेसरात ते नव्हते, आणि त्याच घराण्यातल्या थोड्या महाग आय३ मध्ये होते. आपल्याकडे काटकसरीने गेम खेळणाऱ्या मुलांचा हा जी ४५६० फार लाडका. सहा वर्षे जुन्या भावाला येणारी भाषा नव्या भावाला शिकविली नाही, कारण तो गरिबाघरी जाणार होता.

रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला तरी दार का लावावे लागते, हे ओबीएसच्या उदाहरणावरून समजते. ३१ ऑगस्ट २०२२ रोजी, दहाव्या वाढदिवसाला, त्याची २८ वी आवृत्ती निघाली आणि तिने ३२-बिट संगणक, विंडोज ७ आणि ८ यांना निरोप दिला. चित्रण करणारा एक्स२६४ काही त्यामुळे बदलला नव्हता. बदलली होती ती खिडक्या, बटणे, पट्ट्या रंगविणारी क्यूट ही लायब्ररी. तिच्या नव्या सहाव्या पिढीला जुने विंडोज नको होते. आत वेबपाने दाखविण्याचा जो भाग असतो तो क्रोमच्या कुळातला, आणि क्रोमने २०१४ मध्ये एसएसई-२ नसलेले प्रोसेसर सोडले, २०२१ मध्ये एसएसई-३ नसलेले. खुद्द विंडोजने २०१२ मध्ये, आठव्या आवृत्तीपासून, एसएसई-२ मागितले. २०२४ च्या विंडोज ११ ने एसएसई-४.२ मागितले. घराचा पाया शाबूत असताना कौले बदलण्यासाठी जुन्या भाडेकरूला जागा सोडावी लागावी, तसे हे झाले.

दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. जुन्याची सोय फुकट होत नाही. डिसेंबर २०१२ मध्ये लिनक्सच्या गाभ्यातून ३८६ चा आधार काढून टाकला. ४८६ ला येणाऱ्या काही सूचना ३८६ ला येत नसत, त्यामुळे पदोपदी वळसे घालावे लागत आणि ते सांभाळताना नवे काम अडे. गंमत अशी, की लायनस टोर्व्हाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्स लिहिण्यास आरंभ केला तो ३८६ वरच. बदल सुचविणाऱ्याने त्यांना तशी आठवणही करून दिली, की आता तुमचे ते मूळ यंत्र नव्या लिनक्सने सुरू होणार नाही. टोर्व्हाल्ड्स यांनी खुशीने मान्यता दिली. त्यांना काही आसवे ढाळावीशी वाटली नाहीत, आणि त्यांच्या जागी मीही ढाळली नसती. ज्याला रोज त्या वळशांतून जावे लागते त्याचे मत वजनदार मानले पाहिजे.

मधल्या काळात चित्रणाचे ओझे मुख्य प्रोसेसरवरून उतरविण्याची वाटही निघाली. इंटेलने २०११ मध्ये चित्र पिळणारे वेगळे अंगच प्रोसेसरात बसविले. एनव्हिडियाने २०१२ पासून आपल्या केप्लर जातीच्या ग्राफिक्स कार्डांत ते घातले आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये त्यावर चालणारे शॅडोप्ले दिले. जुना प्रोसेसर आणि एक बरे कार्ड अशी जोडी कित्येक घरांत सुखाने नांदली. पण कार्डालाही त्याचे चालक सॉफ्टवेअर लागते, आणि केप्लर कार्डांसाठी खेळांना अनुरूप अशी नवी चालके एनव्हिडियाने २०२१ मध्ये थांबविली.

तेव्हा माळ्यावरचा संगणक या दिवाळीत खाली काढणार असाल तर त्याला काय येते ते आधी विचारून घ्यावे. प्रोसेसरच्या नावावरून हे कळते. विंडोज ७ असेल तर ओबीएसची २७ वी आवृत्ती त्यावर चालते. असे जुने यंत्र इंटरनेटपासून दूर ठेवलेले बरे, कारण त्याला सुरक्षेची डागडुजी आता मिळत नाही. चित्र १,२८० गुणिले ७२० ठिपक्यांचे आणि सेकंदाला ३० च ठेवावे. आधीच्या हिशेबापेक्षा हे काम साडेचार पट हलके आहे. आणि एक्स२६४ मध्ये तर प्रत्येक कामाची एक साधी आवृत्तीही लिहून ठेवलेली आहे, जिच्यात एकही विशेष शब्द नाही. खास आवृत्त्या नीट चालतात की नाही हे तिच्याशीच ताडून पाहतात. शिवाय वेगवेगळ्या प्रोसेसरांवर काम केले तरी फाइल तंतोतंत एकच निघावी, अशी एक खूणही त्यात देता येते. ती दिली म्हणजे म्हाताऱ्याने रात्रभर बसून पिळलेली फीत आणि तरुणाने पाच मिनिटांत पिळलेली फीत यांत एका बिटाचाही फरक पडत नाही.